मतदानाचा ओटीपी

"मॅडम, माझ्या सासूला आत आणायचंय. तर ओटीपी कुणाचा चालंल?"

विचारणारी बाई नुकतीच मत देऊन माझ्या टेबलापाशी आली होती. शाई पुसू नये म्हणून डाव्या हाताचं बोट तिनं वर धरलं होतं. मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सकाळपासून मशीनचा तो लांबलचक बीप ऐकून कान बधिर झाले होते.

"कशाचा ओटीपी?"

"गेटवरचा. मला आमच्या मॅडमनी दिला. पर त्या आता बाहेर गेल्यात, फोन उचलत न्हाईत. सासू सकाळधरनं गेटला बसलीय. तुमचा चालंल का?"

मी सरकारी तंत्रनिकेतनात सिव्हिल शिकवते. एरवी सरकारला माझी आठवण नसते, निवडणूक लागली की येते. ही लोकसभेची निवडणूक होती आणि मी केंद्राध्यक्ष होते. केंद्राध्यक्ष म्हणजे एका मतदान केंद्राचा त्या दिवसापुरता प्रमुख. हाताखाली तीन मतदान अधिकारी असतात. पहिला यादीत नाव शोधतो, दुसरा बोटाला शाई लावतो, तिसरा कंट्रोल युनिटचं बटण दाबून मतदाराला एका मतापुरतं मशीन मोकळं करून देतो. शिवाय एक शिपाई आणि दाराशी एक पोलीस. केंद्राध्यक्ष काय करतो? सगळं सुरळीत चाललं तर सह्या करतो, नाही चाललं तर बोलणी खातो. माझ्या आधीच्या दोन ड्युट्यांत मी दोन्ही केलं होतं.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला बरंच काही शिकवतात. मशीन बंद पडलं तर काय, मतदाराच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर काय, गुंडांनी केंद्र बळकावलं तर काय. प्रत्येकाला पुस्तिकेत पान आहे. ओटीपीला पान नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. "मला नीट सांगा."

ती बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली. नाव मंगल. सोसायटीमागच्या ओढ्यापलीकडे वस्ती आहे, तिथं राहते. याच सोसायटीत बी विंगला दोन घरी स्वयंपाक करते.

इथं थोडं थांबून केंद्राबद्दल सांगायला हवं. पुण्यात हल्ली मोठ्या सोसायट्यांच्या आत मतदान केंद्रं देतात. फ्लॅटमधली माणसं मत द्यायला बाहेर पडत नाहीत, म्हणून केंद्रच त्यांच्या लिफ्टखाली नेऊन ठेवायचं, असा हा विचार आहे. माझं केंद्र वारजे ओलांडल्यावर हायवेलगतच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये होतं. सोसायटीचं नाव इंग्रजी आहे, ते सांगत नाही. क्लबहाउसला काचेची दारं होती, एसी होता आणि स्वच्छ बाथरूम होतं. निवडणुकीच्या ड्युटीवर जाऊन आलेल्या कुठल्याही बाईला विचारा, स्वच्छ बाथरूम म्हणजे काय असतं. आदल्या संध्याकाळी मशीन घेऊन पोचले तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

सोसायटीचे सेक्रेटरी दातार. निवृत्त गृहस्थ, टोपी, पांढरे बूट, हातात वॉकीटॉकी. त्यांनी सेल्फी पॉइंट केला होता, कोकम सरबत ठेवलं होतं, कमानीला फुगे लावले होते. फुगे मी उतरवायला लावले. त्यात एका पक्षाचा रंग जरा जास्तच दिसत होता. दातारांनी वाद घातला नाही. पहाटे मी उठून बाहेर आले तेव्हा सगळे फुगे पांढरे होते. इतका काटेकोर माणूस.

या केंद्राच्या यादीत सोसायटी होती आणि वस्तीचा एक भागही होता. वस्तीतली माणसं आधी महापालिकेच्या शाळेत मत द्यायची. तिथं फार गर्दी होते म्हणून या खेपेला त्यांतली काही इकडे जोडली होती. कागदावर चोख व्यवस्था. पक्षांचे कार्यकर्ते मात्र सवयीप्रमाणे शाळेबाहेर छत्र्या लावून बसले होते. इकडे सोसायटीसमोर रस्त्यापलीकडे दोन टेबलं होती, तीही फ्लॅटवाल्यांना चिठ्ठ्या द्यायला. आत बसलेले दोन्ही बाजूंचे पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवारातर्फे मतदानावर नजर ठेवणारी माणसं, सोसायटीतलीच होती. सकाळी लिफ्टनं उतरली आणि येऊन बसली.

सकाळपासून मतदान मंदच होतं. हाफपँटमधले पुरुष, जिमहून थेट आलेल्या मुली, एक आजोबा कुत्र्यासकट. कुत्रं आत येणार नाही यावर त्यांच्याशी बराच वेळ हुज्जत झाली. दर दोन तासांनी झालेल्या मतदानाचा आकडा वर कळवायचा असतो. आमचे झोनल ऑफिसर गायकवाड, म्हणजे आसपासच्या काही केंद्रांवर देखरेख करणारे महापालिकेचे इंजिनिअर, फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमचा आकडा फारच खाली आहे."

"सोसायटी आहे साहेब. सगळे महाबळेश्वरला गेलेत."

ते हसले. मीही हसले. पुण्यात कमी मतदानाचं हे कारण कुणालाही पटकन पटतं. वस्तीतली माणसं उन्हं उतरली की येतील, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं.

तर आता मंगल माझ्यासमोर उभी होती आणि सांगत होती.

"गेटवर विचारत्यात, कुठल्या फ्लॅटला जायचं. म्हनलं, फ्लॅटला न्हाई, मतदानाला. तर त्यो म्हणतो, मोबाईलमधी मतदान नावाचा फ्लॅटच न्हाई."

हे गेटचं ॲप पुण्यातल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांत असतं. बाहेरचा माणूस आला की गार्ड फ्लॅट नंबर टाकतो, फ्लॅटमधल्या माणसाच्या मोबाईलवर विचारणा जाते. त्यानं होकार दिला की आलेल्या माणसाला एक ओटीपी मिळतो, तो दाखवला की गेटचा दांडा वर जातो. चोरीमारी होऊ नये म्हणून केलेली सोय. चांगली आहे. माझ्या बहिणीकडेही आहे, तिच्याकडे जायला मलाही लागतो.

"मग तुम्ही आत कशा आलात?" मी मंगलला विचारलं.

"मला रोजचा पास हाय. पर आज कामावाल्या बायांना सुट्टी दिलीय ना मतदानाची, म्हणून पास बंद. मग आमच्या मॅडमना फोन लावला."

"त्यांनी लगेच होकार दिला?"

मंगल हसली. "आधी विचारलं, कुणाला देणार. म्हनलं, तुम्ही सांगाल त्याला. मग आला ओटीपी."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. शाई लावणारे जाधव सर बाटली उघडी ठेवून माझ्याकडे बघायला लागले. दोघे एजंट एकदम आपापल्या कागदांत घुसले. या बाईला मत देण्याआधी मालकिणीची परवानगी घ्यावी लागली होती. परवानगी देण्याआधी मालकिणीनं मत विचारून घेतलं होतं. आणि बाई मला हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिला फक्त सासूसाठी अजून एक ओटीपी हवा होता.

"आणि मग तुम्ही..." मी बोलून गेले आणि जीभ चावली. केंद्राध्यक्षानं मतदाराला हे विचारायचं नसतं.

मंगलनं मान उडवली. "आत काय दाबलं ते विचारू नका मॅडम. आमच्या मॅडमना बी न्हाई सांगणार."

"बाकीचे लोक कुठे आहेत?"

"माघारी गेले की. ज्यांचं इथं काम हाय त्या बाया आपापल्या मॅडमना फोन लावत्यात. कुणी उचलतं, कुणी न्हाई. गडीमाणसांनी कुणाला लावायचा?"

मी पहिल्या मतदान अधिकाऱ्यांकडे चार्ज दिला आणि उठले. दाराशी बसलेल्या पोलिसाला म्हटलं, "चला माझ्याबरोबर."

"मॅडम, माझी ड्युटी दारावर आहे."

"हो ना. दार कुठलं ते बघायलाच निघालोय."

क्लबहाउस सोसायटीच्या अगदी मागच्या टोकाला होतं. सी विंगला वळसा, मग पोहण्याचा तलाव, मग लहान मुलांचं उद्यान, मग गाड्यांचा उतार आणि मग गेट. केंद्रावरून गेट दिसत नव्हतं, गेटवरचं बोलणं तर ऐकूच येणं शक्य नव्हतं. मे महिन्याचं ऊन. एसीतून बाहेर पडलेल्या आम्हा दोघांचे डोळे दिपले.

गेटवर केबिन, केबिनमध्ये टॅबलेट घेतलेला गार्ड, समोर लाल-पांढरा दांडा. दांड्याशेजारी 'व्होटर्स वेलकम' अशी इंग्रजी पाटी आणि आत जाणारा बाण. पलीकडे कंपाउंडच्या भिंतीच्या वीतभर सावलीत काही बायका आणि दोन म्हातारे बसलेले. त्यांच्यात एक काटक म्हातारी स्वतःच्या चपलांवर बसली होती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदार कार्ड. मंगल माझ्यामागोमाग आली होती. म्हणाली, "ही माझी सासू. सोनाबाई."

मी गार्डला विचारलं, "इन लोगों को क्यों रोका है?"

"रोका नहीं मॅडम," तो गडबडीनं उभा राहिला. "ये फ्लॅट नंबर नहीं बता रहे."

"वोट डालने आए हैं."

"हाँ मॅडम. लेकिन बिना फ्लॅट के आगे जाता ही नहीं." त्यानं टॅबलेट माझ्यापुढे धरला. खरंच जात नव्हतं. नंबर टाकल्याशिवाय पुढचा पडदा उघडेना. त्याचा चेहरा अगदी रडवेला झाला होता. सकाळपासून हेच चाललं होतं म्हणे. त्यानं सुपरवायझरला विचारलं होतं, सुपरवायझर म्हणाला होता, प्रोसेस फॉलो करो.

वॉकीटॉकीवरून निरोप गेला आणि दातार लगबगीनं आले. "काय झालं मॅडम? एसी नीट आहे ना?"

"दातारसाहेब, तुमच्या गेटवर मतदार अडवलेत."

"छे, छे. आम्ही कुणालाच अडवलेलं नाही. फक्त व्हिजिटर प्रोसेस फॉलो केली. आज मुद्दाम स्ट्रिक्ट ठेवलंय, बाहेरची गर्दी होणार म्हणून."

"हे व्हिजिटर नाहीत."

"मग कोण आहेत?"

हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"मतदार आहेत. तुमच्याइतकेच."

"हो, ते मान्य आहे. पण सिस्टीममध्ये चारच कॅटेगरी आहेत. रेसिडेंट, स्टाफ, डिलिव्हरी आणि व्हिजिटर. हे पहिल्या तिन्हींत बसत नाहीत. म्हणजे व्हिजिटरच झाले ना?"

तेवढ्यात पाठीला लाल पेटी बांधलेला एक मुलगा स्कूटरवरून आला. दांडा आपोआप वर गेला, मुलगा आत गेला, दांडा खाली आला.

"त्याला कुणी ओटीपी दिला?" मी विचारलं.

"डिलिव्हरीला लागत नाही. ते प्री-अप्रूव्ह्ड असतात."

"म्हणजे पिझ्झा थेट आत जातो."

"मॅडम, तुम्ही भावनिक होताय."

"अजून झाले नाहीये," मी म्हटलं. "या बाईंना," मी मंगलकडे बोट दाखवलं, "तुमच्या एका रेसिडेंटनं ओटीपी देण्याआधी विचारलं, मत कुणाला देणार. उत्तर आवडलं तेव्हा आत सोडलं. ही तुमच्या गेटवर आज चाललेली प्रोसेस आहे. आता सांगा, दांडा वर करताय, की मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना फोन लावून विचारू, की मतदार अडवले तर कुठलं कलम लागतं?"

दातारांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी मंगलकडे पाहिलं, मग भिंतीशी बसलेल्या माणसांकडे. त्या माणसांकडे त्यांनी आज पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "मी आयुष्यात एकही मतदान चुकवलेलं नाही हो," ते म्हणाले. "सकाळी मी पहिला होतो." "कमिटीला..." असं काहीतरी पुटपुटले. तोवर पोलिसानं केबिनमध्ये हात घालून बटण दाबलं होतं. दांडा वर गेला आणि गार्डनं तो वरच बांधून टाकला. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त सुटल्यासारखं वाटलं असेल.

"उठा आजी," मी सोनाबाईंना म्हटलं. "चला, आधी तुमचं मत."

त्या उठल्या. चपला झटकून पायात घातल्या. आणि गेटकडे पाठ करून चालायला लागल्या.

"अहो, कुठे निघालात? आत चला."

"वस्तीत."

"आत्या, अगं मॅडम सोडत्यात," मंगल म्हणाली.

सोनाबाई थांबल्या. "मला एकटीला सोडून काय करू? सकाळी आम्ही समदी मिळून आलो हुतो. मीच आणली हुती त्यांना. माघारी जाताना माणसं मला काय काय बोलली, तुला ठावं हाय? आता मी एकटी बोट रंगवून गेले, तर म्हणतील म्हातारी आपलं उरकून आली. त्यांना घेऊन येते, मग देते."

"आजी, सहाला मतदान बंद होतं. आधी देऊन मग जा," मी म्हटलं.

"मग बिगीबिगी जाया पायजे," असं म्हणून त्या निघाल्याच. मी त्यांना थांबवू शकत नव्हते. मत द्या, असं बळजबरीनं सांगायचा अधिकार केंद्राध्यक्षाला नाही. ती पाठमोरी बाई ओढ्यावरच्या साकवाकडे चालत गेली. वय काय, ऊन काय. ती वेळेत परतली नाही, तर तिचं मत आमच्यामुळे जाणार होतं.

मी गायकवाडांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"मॅडम, परत सांगा. ओटीपी?"

"ओटीपी."

त्यांनी एक शिवी दिली, मग माझी माफी मागितली. "महाबळेश्वर म्हणून हसलो हो मी," ते म्हणाले. पुढचं त्यांनी झटपट केलं. कचरा गोळा करणारी महापालिकेची घंटागाडी वस्तीत पाठवली. तिच्यावर भोंगा असतोच. ओला कचरा, सुका कचरा सांगणारं गाणं बंद करून ड्रायव्हर भोंग्यावरून ओरडत फिरला, की सोसायटीतलं मतदान केंद्र सर्वांसाठी खुलं आहे, कुणाचीही परवानगी लागत नाही, थेट या. वरच्या अधिकाऱ्यांनाही त्यांनी लगेच कळवलं. मग ते स्वतः मोटरसायकलवरून येऊन गेटवर उभे राहिले.

मी केंद्रावर परतले. भिंतीशी बसलेली बाकीची माणसं माझ्यामागोमाग येऊन मत देऊन गेली. त्यानंतर बराच वेळ कुणीच आलं नाही. ज्यांना एकदा माघारी पाठवलं ती माणसं लगेच का येतील? मग दोन बायका आल्या, दारातून आत डोकावून, चपला बाहेर काढून. जाधव सर म्हणाले, "चपला राहू द्या मावशी, देऊळ नाही हे." मग एक जण आला, मग एकदम घरंच्या घरं यायला लागली. कामावरून सुटलेले रंगारी, भाजीवाली, कडेवर पोर घेतलेली मुलगी. रांग तलावाला वळसा घालून मागं सरकत गेली. वरच्या बाल्कन्यांतून लोक व्हिडिओ काढत होते. एक ताई खाली येऊन मला विचारून गेल्या, "हे सगळे किती वेळ असणार आहेत? आमची मुलं खेळायला उतरतात." मी म्हटलं, "मत देईपर्यंत." दातार सरबताचा जग घेऊन रांगेतून फिरत होते. टोपी कुठेतरी पडली होती, घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. कुणाशी डोळा भिडवत नव्हते, पेले तेवढे भरत होते.

प्रत्येक वेळी नवीन म्हातारी आत आली की मी मान वर करून बघायची. सोनाबाई नव्हत्या. मंगल रांगेच्या कडेला उभी होती, तीही रस्त्याकडेच बघत होती.

सहाचा नियम असा आहे. सहाला दार बंद होतं, पण सहाच्या ठोक्याला जे रांगेत असतील त्या सगळ्यांना मत देता येतं, मग रात्र झाली तरी चालेल. मागून कुणी घुसू नये म्हणून केंद्राध्यक्ष रांगेच्या शेपटाला जातो आणि तिथून पुढे सहीच्या चिठ्ठ्या वाटत येतो. शेवटच्या माणसाला एक नंबर, त्याच्या पुढच्याला दोन, असं उलटं.

मी चिठ्ठ्या घेऊन निघाले तेव्हा एक एजंट उठले. ए विंगमधले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. "मॅडम, गेटच्या आतले तेवढेच धरायचे. बाहेरचे केंद्रावर हजर नाहीत. मी गेट बंद करायला सांगतो."

"तुम्ही कुणाला काही सांगणार नाही. माझ्याबरोबर या."

रांगेचं टोक गेटबाहेर होतं. रस्त्यावर, भिंतीच्या कडेनं. मी तिथं जाऊन उभी राहिले. अजून थोडी मिनिटं बाकी होती. आणि साकवाकडून सोनाबाई येताना दिसल्या. एका म्हाताऱ्याचा हात धरला होता. म्हाताऱ्याला नीट दिसत नसावं, तो पाऊल चाचपून टाकत होता. त्याच्या वेगानंच त्या चालत होत्या.

मला हाक मारायची होती, लवकर या म्हणून. मी मारली नाही. वेळ संपत आली म्हणून एकीला बोलावलं, तर मी कुणाच्या तरी बाजूची झाले असते. गायकवाड माझ्या शेजारी उभे होते. एजंट मोबाईलच्या घड्याळात बघत होते. दुपारी ऐकलं तेव्हा बसला नसेल एवढा धक्का मला तेव्हा बसत होता. एका बाईला दिवसभर अडवून ठेवल्यावर आता तिचं मत मोबाईलच्या घड्याळावर टांगलं होतं आणि ते घड्याळ बघायचं काम माझं होतं.

सोनाबाई पोचल्या. म्हाताऱ्याला पुढे केलं आणि त्याच्या मागे उभ्या राहिल्या. मी मोबाईल पाहिला. सहा व्हायचे होते. मग झाले. मी पहिल्या चिठ्ठीवर एक लिहून त्यांच्या हातात दिली.

"या गेटच्या बाहेर आहेत," एजंट म्हणाले. "मी लेखी हरकत घेतो."

"जरूर घ्या. मी वाचून सही करीन. फक्त त्यात हेही लिहा, की दुपारपर्यंत गेट कुणासाठी बंद होतं."

त्यांनी खिशाचं पेन काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत ठेवलं.

मी चिठ्ठ्या वाटत पुढे आले. केंद्राच्या दाराशी पोचले तर पाठोपाठ सोनाबाई. रांग सोडून सरळ पुढे आलेल्या. हिंजवडीहून कंपनीच्या बसनं उतरून तसाच रांगेत लागलेला एक मुलगा सर्वांत पुढे होता. म्हणाला, "आजी, लाइन पीछे है. रांग मागे आहे."

सोनाबाईंनी त्याला चिठ्ठी दाखवली. "एक नंबर हाय."

"एक म्हणजे शेवटचा, आजी," मी समजावलं. "आज उलटे नंबर असतात."

त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "सकाळी आले तवा म्या पहिली हुते. समद्यांच्या आधी. तवा दारात बशिवलं. आता तुमच्याच हातानं एक नंबर लिवून दिला, तरी शेवटचीच?"

मग मला नियम आठवला, जो मला पाठ होता आणि जो दिवसभर मी हाफपँटमधल्या आजोबांना लावत होते.

"आजी, ज्येष्ठ नागरिकांना रांग नसते. तुम्ही आणि हे बाबा थेट आत जाऊ शकता."

"मग हे सकाळीच सांगायचं की," सोनाबाई म्हणाल्या आणि म्हाताऱ्याला हाताला धरून आत गेल्या.

जाधव सरांनी शाई लावली. म्हातारा रांगेत पुढे होता म्हणून त्याचं आधी झालं, मग त्यांचं. बीप वाजला. त्या बाहेर आल्या, पण घरी गेल्या नाहीत. बाहेर कठड्यावर बसून वस्तीतला शेवटचा माणूस मत देऊन येईपर्यंत थांबल्या.

सगळे आले नाहीत. सकाळी रजा टाकून आलेले बरेच जण माघारी फिरल्यावर कामावर निघून गेले होते, काही रिक्षावाले शहरात होते, काहींनी भोंगा ऐकून दार लावून घेतलं. त्यांचं मी काही करू शकले नाही. केंद्राध्यक्षाच्या डायरीत मी सगळं लिहिलं, मंगलच्या मॅडमनी विचारलेला प्रश्नसुद्धा, मंगलचं नाव न घालता. ते नाव मला कुणालाही द्यायचं नव्हतं. तिला दुसऱ्या दिवशी त्याच घरी पोळ्या लाटायला जायचं होतं.

पुढे विचारणा झाली. सोसायटीचं लेखी उत्तर माझ्या माहितीसाठी आलं. लिहिलं होतं, की कोणत्याही मतदारास प्रवेश नाकारलेला नाही. ज्या संबंधितांच्या नोंदी झाल्या त्यांच्यापुढे 'रहिवाशाकडून प्रतिसाद नाही' असे आपोआप नमूद झाले आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला आजही धक्का बसतो. उत्तराखाली दातारांची सही नव्हती. त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं होतं, असं गायकवाडांकडून कळलं.

निकालावर काही फरक पडला नसता, असं मला बऱ्याच जणांनी समजावलं. पडला नसेल. मी मतमोजणीच्या ड्युटीला नव्हते.

त्यानंतर विधानसभा झाली, महापालिका झाली, दोन्ही वेळा मला पुन्हा सोसायट्यांतली केंद्रं मिळाली. आता माझी एक पद्धत आहे. आदल्या संध्याकाळी मशीन पोलिसाच्या ताब्यात देते, गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये टाकते, पायीच बाहेर पडते आणि लांबच्या, ओढ्याच्या नाहीतर डोंगराच्या अंगानं गेटवर येते. साधी सुती साडी नेसून. गार्डला सांगते, मतदान कुठे आहे ते बघायचंय.

विधानसभेला सोडलं. महापालिकेला फ्लॅट नंबर विचारला.